शाळेत तपासणी झाली, पुढे काय?

मिरजगावसारख्या बाजारगावात शाळकरी मुलांसाठी आरोग्याच्या योजना आहेत, पथके आहेत, गोळ्याही आहेत. तरीही मुलांचे उपचार एका चिठ्ठीवर अडतात. ते का आणि त्यावर उपाय काय?

समजा, मिरजगावच्या परिसरातल्या एखाद्या शाळेत आज आरोग्य पथकाची गाडी आली आहे. मुले रांगेत उभी आहेत. वजन झाले, उंची झाली, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचून झाला. सातवीतल्या एका मुलीला तक्त्याच्या खालच्या ओळी दिसत नाहीत. तिच्या पापणीची आतली बाजूही फिकट आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहितात : डोळ्यांची आणि रक्ताची तपासणी, कर्जत. मुलगी चिठ्ठी घडी करून दप्तरात ठेवते. गाडी पुढच्या शाळेकडे निघते.

त्या दिवसापुरती ही मुलगी सरकारी नोंदीत ‘तपासलेली’ झाली. तिला चष्मा मिळाला का, तिच्या अंगात रक्त वाढले का, हे मात्र त्या नोंदीवरून कळत नाही. हे उदाहरण कल्पनेतले आहे, पण ग्रामीण भागातल्या कोणत्याही शिक्षकाला किंवा पालकाला ते अनोळखी वाटणार नाही.

शाळकरी मुलांच्या आरोग्यावर बोलायचे तर सुरुवात या चिठ्ठीपासून करावी लागेल. राज्यात योजनांची वानवा नाही. अडचण आहे ती तपासणी आणि उपचार यांच्यामधल्या रस्त्याची. हा रस्ता पार करण्याची जबाबदारी आज कुणाचीच नाही, आणि जोवर ती कुणाच्या तरी नावावर लिहिली जात नाही, तोवर तपासणीचे आकडे कितीही वाढले तरी मुलांची तब्येत तशीच राहणार आहे.

शाळेत येणारे पथक नेमके काय करते?

हे पथक ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चे असते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात अपेक्षित आहे. अंगणवाडीतल्या बालकांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा. पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे चौघे जण असावेत, असा निकष आहे.

जन्मतः असलेले व्यंग, पोषणातली कमतरता, लहानपणीचे आजार आणि वाढीतला किंवा विकासातला विलंब, या चार गटांतल्या ३० हून अधिक त्रासांसाठी मुलांना पाहिले जाते. त्यात किडलेले दात, कमी दिसणे, कमी ऐकू येणे, वाहणारा कान, त्वचेचे विकार, रक्तक्षय, हृदयाचे दोष असे बरेच काही येते. किरकोळ त्रासावर जागेवरच औषध मिळते. बाकीच्यांना पुढे पाठवले जाते : आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तालुक्याचे रुग्णालय, मग जिल्ह्याला. गरज पडली तर शस्त्रक्रियाही मोफत होते.

कागदावर ही साखळी चांगली आहे. हृदयाला छिद्र असलेल्या, ओठ दुभंगलेल्या असंख्य मुलांना तिचा लाभ झाला आहे. ही गोष्ट मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा.

मग अडचण कुठे येते?

शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्याकडे नवी नाही. भारतात ती पहिल्यांदा झाली १९०९ मध्ये, बडोदा शहरात. तेव्हा तिथे सयाजीराव गायकवाड यांचे राज्य होते. पुढे भोर समितीने १९४६ मध्ये आणि रेणुका राय समितीने १९६० नंतर शालेय आरोग्याचा विचार केला. म्हणजे मुलांना रांगेत उभे करून तपासण्याचा आपला अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. तपासणीनंतर त्या मुलाला उपचारापर्यंत हाताला धरून नेण्याचा अनुभव मात्र फार कमी आहे.

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातले, नगर-सोलापूर रस्त्यावरचे मोठे बाजारगाव. जवळच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याची हद्द लागते. आसपासच्या गावांतून आणि वस्त्यांवरून मुले शिकायला इथे येतात. तालुक्याचे ठिकाण कर्जत, जिल्ह्याचे रुग्णालय नगरला. चिठ्ठीवर ‘नगर’ लिहिले असेल तर वस्तीवरून मिरजगावला यायचे, तिथून एसटी पकडायची, रुग्णालयात केसपेपर काढायचा, रांग लावायची आणि संध्याकाळच्या आत परत यायचे. तपासणी त्याच दिवशी झाली तर ठीक. ‘मंगळवारी या’ असे सांगितले तर पुन्हा तोच फेरा.

या फेऱ्यात औषधाला पैसे लागत नाहीत, पण दिवस लागतो. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये होती. खुरपणीला किंवा कांदा काढणीला जाणाऱ्या आईसाठी मुलीला घेऊन जाणे म्हणजे तेवढी रोजची कमाई सोडणे आणि वर गाडीभाडे. मुलीला ताप असेल तर ती एका पायावर जाईल. पण मुलगी तर खेळते आहे, शाळेत जाते आहे, फक्त ‘जरा फिकी दिसते’. अशा वेळी चिठ्ठी फळीवरच्या डब्याखाली जाते आणि तिथेच राहते.

याला पालकांचा निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. पण रोजंदारीवर जगणाऱ्या घराने केलेला तो साधा हिशेब आहे. हिशेब बदलायचा असेल तर उपचाराची खेप सोपी करावी लागेल.

पाठपुरावा इतका महत्त्वाचा का?

कारण शाळकरी वयातले बरेचसे आजार एका भेटीत बरे होणारे नसतात.

एक उदाहरण संधिवाताच्या तापाचे. ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये एका ठरावीक जिवाणूमुळे घसा दुखतो. अनेकदा तो आपोआप बरा झाल्यासारखा वाटतो. पण उपचार झाला नाही तर काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो आणि हृदयाच्या झडपांना इजा होते. ही इजा वाढू नये म्हणून पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, तेही अनेक वर्षे घ्यावे लागते. इंजेक्शन स्वस्त आहे. अवघड आहे ते दर महिन्याला कुणीतरी आठवण ठेवणे. ही आठवण चुकली तर तेच मूल तरुणपणी झडपेच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू शकते.

दुसरे उदाहरण चष्म्याचे. लांबचे न दिसणाऱ्या मुलाला आपल्याला दिसत नाही, हेच माहीत नसते. जग सगळ्यांना असेच धूसर दिसते, असे त्याला वाटते. फळा दिसत नाही, मग ते शेजाऱ्याच्या वहीत पाहते, मग त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी बसतात. हळूहळू ते अभ्यासातून मागे पडते. तपासणीत नंबर सापडला, पण चष्मा मिळाला नाही, तर त्या मुलाच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. चष्मा मिळाला तरी वर्षभरात नंबर बदलतो, काडी मोडते आणि पुन्हा तीच वाट चालावी लागते.

वाहणाऱ्या कानाचेही तेच. औषधाची एक बाटली संपली की कान कोरडा होतो आणि विषयही संपतो. कान पुन्हा वाहू लागतो तेव्हा पथक पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात असते. ऐकू कमी येणारे मूल मागच्या बाकावर बसलेले असेल तर त्याची शाळा जवळजवळ सुटल्यातच जमा असते.

निळी गोळी आणि रिकामे पोट

सगळ्यात मोठा प्रश्न रक्तक्षयाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते १९ वयोगटातल्या ५७.२ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ४९.७ टक्के होते. म्हणजे योजना चालू असताना आकडा खाली येण्याऐवजी वर गेला.

या वयात उंची झपाट्याने वाढते, पाळी सुरू होते, म्हणून लोहाची गरज वाढते. त्यात आहारात डाळी, पालेभाज्या, अंडी कमी असतील आणि पोटात जंत असतील तर रक्त वाढत नाही. जेवणाबरोबर चहा घेण्याची सवयही लोह अंगी लागू देत नाही. रक्त कमी असलेल्या मुलीला दम लागतो, पाय दुखतात, वर्गात डुलकी येते. घरी आणि शाळेत तिला ‘आळशी’ म्हटले जाते.

यावर सरकारचे उत्तर म्हणजे आठवड्याला एक लोहाची गोळी. १० ते १९ वयोगटासाठी निळी, ५ ते ९ वयोगटासाठी गुलाबी. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. जोडीला जंतनाशक गोळी. उपाय शास्त्रशुद्ध आहे. पण ही गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळते, पोटात दुखते. एकदा असा त्रास झाला की मुलगी पुढच्या वेळी गोळी जिभेखाली धरते आणि मागच्या अंगणात टाकते. म्हणूनच गोळी जेवणानंतर द्यावी, अशी सूचना आहे.

आणि इथेच एक विचित्र फट दिसते. शाळेत शिजवलेले दुपारचे जेवण, म्हणजे पूर्वीचा शालेय पोषण आहार आणि २०२१ पासूनची ‘पीएम पोषण’ योजना, आठवीपर्यंतच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे निकष आहेत. नववीत गेल्यावर हे ताट बंद होते. म्हणजे ज्या वयात मुलीची लोहाची आणि अन्नाची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्या वयात शाळा तिला गोळी देते आणि जेवण काढून घेते.

लांबच्या वस्तीवरून येणारी नववीतली मुलगी सकाळी झाडलोट, पाणी, धाकट्या भावंडांचे आवरून निघते. डबा असतो, नसतोही. तिच्या हातात ठेवलेली निळी गोळी कोणत्या जेवणानंतर घ्यायची?

हे दुरुस्त करता येणार नाही, असे नाही. तमिळनाडूत शाळेतले जेवण दहावीपर्यंत मिळते, कर्नाटकातही नववी-दहावीच्या मुलांना मिळते. दोन्ही राज्ये हा जादा खर्च स्वतः उचलतात. केंद्राच्या दरानुसार मे २०२५ पासून सहावी ते आठवीच्या एका मुलासाठी रोजचा शिजवण्याच्या साहित्याचा खर्च १० रुपये १७ पैसे धरला आहे, तांदूळ वेगळा. महाराष्ट्राने हाच दर धरून नववी-दहावीच्या सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांचा हिशेब मांडला, तर तो राज्याच्या आवाक्याबाहेरचा ठरणार नाही. प्रश्न प्राधान्याचा आहे. या दराने ताटात पुरेशी डाळ-भाजी पडते का, हा वेगळा आणि तितकाच रास्त प्रश्न आहे. २०२५ च्या जानेवारीत राज्याने अंड्यांसाठीचा निधी थांबवला, तेव्हा तो अधिकच टोकदार झाला.

ऊसतोडीला गेलेल्या मुलांची चिठ्ठी कुठे जाते?

दक्षिण नगर आणि बीडचा हा पट्टा अवर्षणाचा. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नगर जिल्ह्यातल्या कारखान्यांवर बाहेरून टोळ्या येतात आणि इथली माणसे दुसरीकडे जातात. मुले दोन्हीकडे कोपीवर राहतात.

अशा मुलाची शाळेतली तपासणी ऑगस्टमध्ये झाली आणि चिठ्ठी मिळाली, तरी ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ म्हणता म्हणता हंगाम लागतो. मूल साताऱ्याला किंवा कोल्हापूरला जाते. तिथल्या पथकाला त्याच्याविषयी काही माहीत नसते. पथक जानेवारीत येणार असेल तर मूल हजेरीपटावर असते, वर्गात नसते.

स्थलांतरित मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून राज्यात शिक्षण हमी पत्रक आणि हंगामी वसतिगृहे, असे मार्ग काढले गेले. शिकण्याची नोंद मुलाबरोबर प्रवास करू शकते, तर लसीची, वजनाची, चष्म्याच्या नंबरची आणि अपुऱ्या राहिलेल्या उपचाराची नोंद का करू शकत नाही? हमी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहिल्या तरी पुढच्या गावातल्या शाळेला आणि आशाताईला सुरुवात कुठून करायची, ते कळेल.

मन आणि सुरक्षितता यांचे काय?

मुलांचे आरोग्य म्हटले की वजन-उंची आठवते. पण घाबरलेले मूल वजनकाट्यावर कळत नाही.

कर्जत तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. १३ जुलै २०१६ रोजी याच तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. त्या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला. गावोगावच्या मुलींच्या शाळेत जाण्या-येण्याचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. पाचवीपासून पुढच्या ग्रामीण मुलींसाठी एसटीचा मोफत पास आहे. तो अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने दिला जातो. त्यांचे जन्मगाव चौंडी शेजारच्याच जामखेड तालुक्यातले. पण पास असून गाडी वेळेवर नसेल, थांबा अंधारात असेल, तर मुलीचा दिवस भीतीनेच सुरू होतो आणि भीतीनेच संपतो.

शाळांमध्ये सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा शासन निर्णय २०२२ मध्ये निघाला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संधान बांधावे, असे त्यात म्हटले आहे. खेड्यातल्या शाळांना तो समुपदेशक कधी मिळेल, ते सांगणे कठीण. तोवर किमान दोन क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर रंगवता येतील : मानसिक ताणासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८. दोन्ही विनामूल्य आहेत.

इथेही अडते ते पाठपुराव्यावरच. मूल एकदा धीर करून शिक्षिकेशी बोलले, तर पुढच्या आठवड्यात त्याला ‘आता कसे वाटते?’ असे कुणी विचारते का? विचारले नाही, तर ते मूल दुसऱ्यांदा बोलत नाही.

शेजारच्या जामखेडने काय शिकवले?

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. मिरजगावच्या शेजारच्या तालुक्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांना १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक त्यांचे काम पाहायला जामखेडला येऊ लागले.

पाहायला काय येत होते? मोठी इमारत नव्हे. गावाने निवडलेल्या साध्या बायका, त्यातल्या अनेक शाळेची पायरी न चढलेल्या, आरोग्य सेविका म्हणून तयार झाल्या होत्या. त्या मुलांची वजने घेत, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी देत, गरोदर बाईची विचारपूस करत. शिकायला त्या जामखेडला जात आणि परत आपल्याच गावात राहत. डॉक्टरांची गाडी निघून गेल्यावरही त्या गावातच असत. म्हणून कोणते मूल औषध घेत नाही, कोणत्या घरात आज चूल पेटली नाही, हे त्यांना ठाऊक असे.

आजची आशा कार्यकर्ती याच विचारातून पुढे आलेली आहे. शाळेच्या आरोग्यात नेमका हाच दुवा कमी पडतो. पथक वर्षातून एक दिवस येते, मूल मात्र उरलेले ३६४ दिवस गावातच असते. त्या दिवसांसाठी गावातलेच माणूस लागते.

मग नेमके काय करायचे?

पहिली गोष्ट म्हणजे शाळेत एक वही. पथकाने ज्या मुलांना पुढे पाठवले, त्यांची नावे, कुठे पाठवले ती जागा आणि पुढे काय झाले, असे तीन रकाने. तिसरा रकाना भरेपर्यंत त्या मुलाचे नाव वहीतून निघणार नाही. आकडे वर पाठवताना ‘किती तपासले’ याच्या आधी ‘पाठवलेल्यांपैकी किती पोहोचले’ हे विचारले जावे. वरून जे विचारले जाते, तेच खाली केले जाते, हा सरकारी कामाचा जुना नियम आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सामूहिक खेप. दहा गावांतल्या वीस मुलांनी वीस वेगवेगळ्या दिवशी जाण्यापेक्षा महिन्यातला एक दिवस ठरवून, एका गाडीने, दोन पालक आणि आशाताईसह सगळ्यांना नेता येईल. रुग्णालयाला आधी कळवलेले असेल तर डोळ्यांचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर त्या दिवशी हजर राहतील. अठरा आयांचा रोज वाचेल. ग्रामपंचायतीला एका गाडीचे भाडे जड नाही.

तिसरी गोष्ट, नववी-दहावीचे जेवण. हा निर्णय राज्याने घ्यायचा आहे. तोपर्यंत शाळांनी किमान गोळीच्या दिवशी तरी मुलांच्या पोटात काही असेल, याची सोय करावी. ‘तिथी भोजना’ची पद्धत आहेच. वाढदिवसाला, पुण्यतिथीला गावकरी शाळेत जेवण देतात. त्यातला एक वार नववी-दहावीच्या वर्गांसाठी ठेवता येईल. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, वर लिंबू पिळून दिले तरी गोळी रिकाम्या पोटी जाणार नाही. हा कायमचा उपाय नव्हे. राज्याचा निर्णय येईपर्यंतचा आधार आहे.

चौथी गोष्ट, स्थलांतरापूर्वीची तपासणी. ज्या गावांतून कोयते निघतात, तिथल्या शाळांत पथक पावसाळ्यातच आले पाहिजे आणि चिठ्ठ्यांचा निकाल दिवाळीआधी लागला पाहिजे. वेळापत्रक कार्यालयाच्या सोयीने नव्हे, उसाच्या हंगामाकडे पाहून आखायला हवे.

हे शिक्षकांवर आणखी एक ओझे नाही का?

हा आक्षेप खरा आहे. जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती आणि त्यात खिचडीचा हिशेब. शिक्षकाला शिकवायला वेळ उरत नाही, ही तक्रार खोटी नाही. आयुष्मान भारतच्या शालेय कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमण्याची कल्पना आहे. ती चांगली असली तरी त्या दोघांवर सगळे टाकून चालणार नाही.

म्हणून ही वही शिक्षकाची नसावी, ती शाळा व्यवस्थापन समितीची असावी. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे ठरवले आहे. आज अनेक ठिकाणी या समितीची बैठक सह्यांपुरती होते. तिला एक खरे काम द्यायचे तर ते हेच. दर महिन्याच्या बैठकीत वही उघडायची आणि रिकामे रकाने मोजायचे.

यात एक पथ्य मात्र पाळावे लागेल. कुणाच्या मुलीला काय आजार आहे, याची चर्चा बैठकीत होता कामा नये. मासिक पाळीचा त्रास, फिट येणे, मनाचा ताण, या गोष्टी गावात पसरल्या तर उपचार दूरच, मुलीची शाळा सुटायची. बैठकीत फक्त संख्या बोलली जावी. नावे पाहण्याचा अधिकार मुख्याध्यापक, एक शिक्षिका आणि आशाताई एवढ्यांनाच असावा.

‘मुलांची काळजी हे आईबापांचे काम, शाळेचे नव्हे,’ असेही काही जण म्हणतील. पण गावातली जवळपास सगळी मुले रोज एका छताखाली येतात, अशी जागा शाळेशिवाय दुसरी नाही. आजारी मुलाला शिकवता येत नाही आणि उपाशी मुलाच्या डोक्यात गणित शिरत नाही, हे शिक्षकांना सगळ्यात आधी कळते. त्यामुळे शाळेच्या आरोग्यावर होणारा खर्च हा शिक्षणावरचाच खर्च आहे.

पालकांनी शाळेत काय विचारावे?

या वर्षीची तपासणी झाली का? माझ्या मुलाला चिठ्ठी दिली आहे का? गोळी कोणत्या वारी देतात आणि जेवणानंतर देतात का? मुलींचे स्वच्छतागृह चालू आहे का, त्यात पाणी आहे का? हा शेवटचा प्रश्न आरोग्याचाच आहे. स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि त्यातून लघवीचा संसर्ग, डोकेदुखी, चक्कर असे त्रास सुरू होतात.

घरी एवढे करा : संध्याकाळी मुलाचे दप्तर उघडून वही पाहता, तशी चिठ्ठी आहे का तेही पाहा. जेवणाबरोबर चहा देऊ नका. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका. मूल टीव्हीच्या फार जवळ जाऊन बसत असेल किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर त्याला रागावण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. काही अडले तर १०४ या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर विचारता येते.

पुढच्या वेळी शाळेत गाडी येईल, मुले रांगेत उभी राहतील, काही जणांच्या हातात चिठ्ठ्या पडतील. त्या संध्याकाळी शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या सदस्याने मुख्याध्यापकांना एकच विचारावे : आज चिठ्ठ्या किती दिल्या आणि त्या मुलांना कर्जतला घेऊन जायची तारीख कोणती ठरली? तारीख ठरलेली असेल, तरच त्या दिवशीची तपासणी पूर्ण झाली, असे म्हणता येईल.